गोदा सिस्टर आणि नाशिकचा कागद

गोदा सिस्टर बसलेल्या मला आठवतच नाहीत. चहा उभ्याने, भाकरी उभ्याने. रजिस्टर लिहायचं तर आमच्या शाळेच्या खिडकीत ठेवून तेही उभ्यानेच. मी खुर्ची पुढे केली की म्हणायच्या, "नको बाई. बसले की बायकांना वाटतं हिला वेळ आहे. मग जे सांगायला आल्या ते सोडून सासूचं, जावेचं सांगत बसतात. उभी असले की घाईघाईत खरं बोलून टाकतात."

मागच्या महिन्यात सुनेचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर सहज म्हणाली, "आई, छातीत एक बारीक गाठ लागतेय. मुलीची परीक्षा झाली की दाखवते." मी विचारलं, "पाळी येऊन गेल्यावरही राहिली का?" म्हणाली, "हो." मग मी जे काही बोलले ते माझं नव्हतं. सून दुसऱ्या दिवशी जाऊन तपासून आली. साधंच निघालं. पण तपासल्यावर साधं निघालं, तपासायच्या आधी नव्हे. हा फरक मला ज्या बाईने शिकवला, तिच्याबद्दल लिहायचं कधीचं मनात होतं. टाळत होते, कारण त्यात माझी शोभा फार होते. आता बासष्टी उलटली. शोभेला घाबरून करायचं काय?

खोडाळ्यापासून आत, दीड तास पायी, असा आमचा पाडा होता. मी तिथे शाळेत शिक्षिका. वय चव्वेचाळीस, खांद्याला पर्स, पर्समध्ये पावडरचा डबा, आणि डोक्यात अशी ठाम समजूत की या डोंगरात उजेड पडतो तो माझ्यामुळे. पाड्यावरचे सगळे अर्ज, दाखले, रेशनकार्डातली नावं मी लिहायची. त्यामुळे लोक मला फार शहाणी समजत, आणि मी त्यांच्याशी शंभर टक्के सहमत होते. मात्र शरीराचे अवयव शिकवायची वेळ आली की ही शहाणी बाई मान, खांदे म्हणायची आणि तिथून थेट पोटावर उतरायची.

सिस्टर त्या भागाच्या सरकारी नर्स, मोखाड्याकडच्या शेतकरी घरातल्या. ठेंगण्या, सावळ्या, पांढऱ्या साडीचा काष्ट्यासारखा खोचा, पायात पुरुषी रबरी चपला. चालणं असं की बरोबर निघालेल्या माणसाला सारखं पळावं लागे. बाजाराच्या दिवशी खोडाळ्यात त्या भाजी घेत नसत, बायका बघत. कोण पदर दाबून चालते, कोण पोर एकाच बाजूला पाजते. मग हळूच शेजारी जाऊन, भेंडी निवडत, खालच्या आवाजात विचारत, "उजवीकडे काय झालंय?" बाई गडबडून जाई. सिस्टरांचे हात मुळात गार. तपासायच्या आधी चहाचा कप दोन्ही हातांत धरून ठेवत. पुष्कळदा चहा न पिताच परत देत. "चहा हातांसाठी होता," म्हणत.

वेणूच्या घरची गोष्ट पाड्यात अजून सांगतात. वेणू पहिलटकरीण, पोर पंधरा दिवसांचं. एका बाजूला दूध तुंबलं, थान दगडासारखं झालं. सासूने कसलासा लेप थापला आणि पोराला त्या बाजूचं दूध बंद केलं. म्हणे, दूध नासलंय. सिस्टर आल्या, लेप धुतला, ऊन पाण्याचा कपडा ठेवला आणि पोर त्याच बाजूला लावलं.

सासू म्हणाली, "पोर मरंल ना."

"पोर नाही मरत. दूध कोंडलं तर सून मात्र आजारी पडेल."

"तुमाला काय ठाव, तुमी पुस्तक वाचून सांगता."

"चार पोरं पाजलीत मी. पुस्तक नंतर वाचलं."

आणि पोर पिऊन झोपेपर्यंत त्या दारात उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आल्या. वेणूला ताप भरला होता, कातडी लाल होऊन चमकत होती. त्यांनी तिला झोळीतून खोडाळ्याला आणवलं, जीप थांबवली आणि जव्हारच्या दवाखान्यात नेलं. आत पू झाला होता, तो डॉक्टरांनी काढला. परतल्यावर सासूला म्हणाल्या, "दुखणं काल एवढं होतं, आज एवढं. ताप आला की घरचं काही करायचं नाही. दवाखाना." सासूने मान हलवली. पुढे तीच सासू इतर बायकांना दटावून दवाखान्यात धाडू लागली. सिस्टरांचं सगळं शिकवणं हे असं.

पण खरा धडा झाला तो आमच्या शाळेच्या स्वयंपाकाच्या शेडमध्ये. लसीकरणाला बायका जमल्या होत्या. शाळेतला भात-आमटी मंगळी शिजवायची. तीस-बत्तीस वर्षांची, काटक, हसताना तोंडावर हात ठेवणारी. सिस्टरांनी तिच्याकडून परातीत नागलीचं पीठ मळून घेतलं. पाठ करून त्यात काहीतरी लपवलं आणि म्हणाल्या, "डोळे मिटा आणि शोधा."

पहिली बाई पीठ चिमटीत धरून चिवडू लागली. सगळ्या हसल्या.

"चिमटीत धरलं तर सगळंच गाठीसारखं लागतं," सिस्टर म्हणाल्या. "भाकरी चिमटीत थापता का? बोटं सपाट ठेवा. गोल गोल फिरवा. काखेपर्यंत जायचं."

मंगळीने डोळे मिटले. भाकरी थापून थापून तयार झालेली बोटं. ती फिरवत म्हणाली, "हा दाना हाय. सरकतो. नि हा खाली दुसरा काय तरी, तो चिकटून हाय. सरकत नाय."

एक वालाचा दाणा होता आणि एक खडा, परातीच्या तळाला दाबून बसवलेला. सिस्टरांनी तिच्या पाठीवर थाप मारली. मग सगळ्यांना सांगितलं, "सरकते ती बहुतेक साधी. चिकटून बसते ती वाईट असू शकते. पण ते ठरवायचं काम तुमचं नाही, माझंही नाही. तुम्ही शोधायचं, मी डॉक्टरपर्यंत न्यायचं. पाळीच्या आधी सगळ्यांचीच थानं जड होतात, दुखतात, गाठीगाठी लागतात. म्हणून पाळी संपली की बघायचं. पाळीबरोबर गेलं तर ते पाळीचं. राहिलं तर ते माझं. आणि टोक आत ओढलं गेलं, टोकातून रक्त आलं, कातडीला खळगे पडले, तर पाळीचीसुद्धा वाट बघायची नाही."

मी दारात उभी राहून वर्गाकडे लक्ष असल्याचं नाटक करत होते. कान इकडेच. त्या रात्री खोलीला कडी लावून बोटं सपाट ठेवली, आणि डावीकडे, बोराएवढं काहीतरी लागलं.

आता शहाण्या बाईने काय करावं? सरळ सिस्टरांना सांगावं. मी काय केलं? मी एक शेजारीण तयार केली. पुढच्या फेरीला सिस्टर आल्या तेव्हा फळ्याकडे तोंड करून म्हटलं, "सिस्टर, माझी एक शेजारीण आहे गावाकडे. तिला गाठ लागतेय."

"दुखते का तिला?"

"थोडी दुखते. पाळीच्या आधी जास्त."

"सरकते?"

"हो, सरकते."

माझा हात नकळत डावीकडे गेला आणि परत आला. सिस्टरांनी तो बघितला. "शेजारणीला सांगा, घाबरू नको, पण दाखव."

पुढच्या महिन्यात त्यांनीच विचारलं, "शेजारणीचं कसं काय?" मी म्हटलं, तिला वेळ नाही, तिच्याकडे परीक्षा आहेत. "शेजारीण शिकवते वाटतं कुठे?" मी म्हटलं, हो, म्हणजे, तिची जाऊ शिकवते. खोटं बोलायला लागलं की माणूस नातेवाईक वाढवत जातो. रात्री झोप नाही, दिवसा मुलांवर चिडचिड. बोट सारखं तिथेच जायचं. सकाळी वाटायचं लहान झाली, संध्याकाळी वाटायचं मोठी झाली.

मग शाळेची सहल जव्हारजवळ शिरपामाळला गेली. सिस्टर जव्हारला मीटिंगला आल्या होत्या, त्या आमच्याबरोबर माळावर आल्या. मुलं डबे उघडून बसली. सिस्टर माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, दूर दरीकडे बघत.

"बाई, शेजारीण सहलीला आली आहे का?"

मी डब्याचं झाकण लावलं आणि परत उघडलं.

"आली असेल तर तिला म्हणावं, जव्हारचा दवाखाना इथून जवळ आहे. मुलांना मी सांभाळते."

मी रडायला लागले. मुलांना वाटलं, माझ्या डब्यात भाजी नाही. एकाने आपली चटणी आणून दिली.

जव्हारच्या डॉक्टरांनी बघून नाशिकला पाठवलं. नाशिकला सोनोग्राफी झाली, मग सुई घालून पाणी काढलं. पाणी निघालं आणि गाठ गेली, फुगा फुटावा तशी. डॉक्टर म्हणाले, "पाण्याची गाठ. या वयात होते पुष्कळ जणींना. पुन्हा भरली किंवा दुसरं काही लागलं तर या." मला एक कागद दिला, त्यावर खाली लिहिलं होतं की काळजीचं काही नाही.

नाशिकहून खोडाळ्यापर्यंत एसटीत मी तो कागद मांडीवर घेऊन बसले होते. उतरल्यावर पेढे घेतले. पाड्यावर घरोघर वाटले. वर भाषण. "काही नसतं हो. उगाच घाबरतो आपण. मी घाबरले होते, निघालं काय? पाणी." त्यानंतरचे दोन-तीन महिने सिस्टर दुसऱ्या गावांना लसीकरणाला होत्या, त्यामुळे मला आवरायला कोणी नव्हतं.

दिवाळी जवळ आली होती. शाळा सुटल्यावर मंगळी टोप घासत होती. न बघताच म्हणाली, "बाई, माझ्यातपण हाय एक. भादव्यापासून."

"दुखते का?"

"दुखत नाय."

"मग झालं तर. माझी तर दुखायची, तरी साधी निघाली. तुझी दुखतसुद्धा नाही."

हे मी बोलले. आजही हे वाक्य लिहिताना पेन जड होतं. पाळीच्या आधी दुखून येणारी गाठ पुष्कळदा साधी असते, आणि न दुखणारी गाठ मुकाट्याने वाढू शकते, हे मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक असल्यासारखं बोलायची सवय मात्र पक्की होती.

मंगळीने हात पुसले. "मग त्या कागदावर माझा पण नाव लिवा ना."

तिचं बरोबरच होतं. रेशनकार्डात पोर जन्मलं की मी नाव चढवायची. दाखला एकाचा, उपयोग घराला. कागद म्हणजे बाईंनी नाव चढवायचं, की काम झालं. मला हसू आलं. मी म्हटलं, "अगं, नाशिकच्या डॉक्टरांचा आहे तो, मी कसं लिहू? एवढी हौस असेल तर झेरॉक्स ठेव." आणि खरंच, खोडाळ्याच्या बाजारात झेरॉक्स काढून तिला दिली. गंमत म्हणून. तिने ती प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर ठेवली.

दिवाळी झाली. खोडाळ्याला ट्रक आला. अर्धा पाडा जगायला गेला, म्हणजे भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर. पाऊस येईपर्यंत तिकडेच. मंगळीही गेली, नवरा सोनू आणि दोन पोरांसह.

जानेवारीत सिस्टर आल्या तर शेडमध्ये दुसरीच बाई. "मंगळी कुठे?"

"जगायला गेली." मग मी तो झेरॉक्सचा किस्सा सांगितला. रंगवून सांगितला. नाव लिवा म्हणाली, बघा कशी भोळी.

सिस्टर हसल्या नाहीत. हातातला कप खिडकीत ठेवला.

"दुखत नाही म्हणाली?"

"हो."

"कधीपासून?"

"भादव्यापासून म्हणाली."

"तुम्ही हात लावून बघितलंत?"

"छे, मी कशी बघणार, मी काय डॉक्टर आहे?"

"मग कागद कसा दिलात?"

"दिला नाही हो. झेरॉक्स..."

सिस्टर रजिस्टर मिटून म्हणाल्या, "उद्या पहिल्या गाडीने निघायचं. तुम्ही पण. तिने माझ्या पिठातला खडा बाजूला ठेवलाय, तुमचा कागद धरलाय. तो तुम्हीच मागे घ्यायचा."

मोखाडा, जव्हार, वाडा करत भिवंडीच्या अलीकडे उतरलो. भट्ट्या अशा की एक संपली की दुसरी, सगळीकडे धूर आणि लाल धूळ. सिस्टर पुढे, मी मागे पळत. "मोखाड्याकडची माणसं कुठल्या भट्टीवर?" कोणी इकडे हात करे, कोणी तिकडे. दोन भट्ट्यांवर नव्हतीच. माझी साडी, माझी पर्स, माझी चप्पल, सगळं त्या धुळीत लाल झालं. वाटेत मी तीनदा म्हटलं, "साधीच असेल ना हो?" तीनदाही त्यांनी फक्त चाल वाढवली.

तिसऱ्या भट्टीवर मंगळी होती. साच्यात चिखल थापत होती. आम्हाला बघून तोंडावर हात ठेवून हसली. "बाई, तुमी कशा इकडं?" सिस्टरांनी विचारताच झोपडीतून पिशवी आणली, कागद काढून दाखवला. "हाय ना कागूद. सोनूला पण दावला. तो बोलला, बाईंचा कागूद हाय, काय होत नाय."

सिस्टरांनी कोणाकडून तरी चहा मागवला, कप हातात धरला आणि तिला आत घेऊन गेल्या. मी बाहेर उभी. प्लास्टिकच्या पडद्यामागून काही ऐकू येत नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे, मी समोरच्या विटा मोजत होते आणि दर वेळी वीसच्या पुढे चुकत होते. सिस्टर बाहेर आल्या. कप तसाच भरलेला.

"टोक आत ओढलंय. कातडी संत्र्याच्या सालीसारखी झालीय. काखेतही एक आहे. बोला आता तिच्याशी."

मी आत गेले. मंगळी चोळीचे हुक लावत होती. मी म्हटलं, "मंगळी, माझं चुकलं. हा कागद तुझा नाही. तुझ्या गाठीला तो चालत नाही."

तिने कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागाने नाही. "मग माझा कागूद कुठं मिळंल?"

बाहेर मुकादम आणि सोनू उभे होते. मुकादम म्हणाला, "बाई, चार महिन्यांचा प्रश्न आहे. पावसाच्या आधी सगळे घरीच येणार आहेत. तेव्हा न्या."

"तुमची भट्टी पावसाला थांबते," सिस्टर म्हणाल्या. "हिची गाठ थांबणार नाही. सोनू, पोरं तू बघ. हिला मी नेते."

सोनू खाली बघत म्हणाला, "कापतील ना?"

"काढायला लागलं तर काढतील. बायको पाहिजे ना तुला?"

"पाहिजे."

"मग पिशवी भर."

पुढचे महिने कसे गेले ते मी नीट सांगू शकत नाही, कारण ते मंगळीवर गेले, माझ्यावर नाही. सुईने तुकडा काढून तपासला. जे नको होतं तेच निघालं. शस्त्रक्रिया झाली, डावं थान काढावं लागलं. औषधांनी केस गेले. सिस्टर सुट्ट्या टाकून नाशिकच्या फेऱ्या मारत राहिल्या. डॉक्टर एकदा म्हणाले की आणखी दोन-तीन महिने लवकर आली असती तर कदाचित कमी काढावं लागलं असतं. सिस्टरांनी तेव्हा माझ्याकडे बघितलंही नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

ओरडण्याऐवजी त्यांनी मला कामाला लावलं. दर महिन्याला एका पाड्यावर घेऊन जात. बायका जमवून म्हणत, "आता बाई सांगतील." आणि मी सांगायचं. सगळं. अवयवाचं नाव घेऊन. शेजारणीची थाप, सुई, पाणी, झेरॉक्स. एकदा मी थोडं आवरतं घेतलं तर मागून आवाज आला, "बाई, पेढ्याचं राहिलं." बायका हसायच्या, माझ्यावर. त्यातली एखादी नंतर सिस्टरांच्या मागे शेडच्या आडोशाला जायची. बहुतेक साध्याच निघायच्या. पण कागद ज्याचा त्याला मिळायचा.

मंगळी वाचली. चार वर्षांनी शेडमध्ये परत भात शिजवू लागली. केस परत आले ते कुरळे आले, त्याचं तिला फार कौतुक.

आणि मग सिस्टरांची बदली झाली, खाली समुद्राकडे. सामान खोडाळ्याहून टेम्पोने आदल्या दिवशीच गेलं, आणि सिस्टर रात्री पाड्यावर राहिल्या. सकाळी त्या खोडाळ्याकडे चालत निघाल्या, मी पोचवायला. मी इस्त्रीची साडी नेसले होते. मनात चार वाक्यं तयार केली होती, त्यात माफी होती, आभार होते, शेवटी रडायचीही जागा धरली होती. विहिरीच्या चढावर मंगळी समोरून आली, डाव्या कमरेवर भरलेला हंडा, डाव्याच हाताने धरलेला.

सिस्टर थांबल्या. "हात दाखव."

"आज यकदाच, शिस्टर."

"दाखव." अंगठ्याने दंडाच्या खाली दाबलं, खळगा किती वेळ राहतो ते बघितलं. "सुजतोय. काखेतलं काढलंय तुझं, या हाताने जड उचलायचं नाही, किती वेळा सांगू? नवी सिस्टर येईल तिला हा हात दाखवायचा. याच आठवड्यात."

मग त्यांनी हंडा काढून घेतला, इकडेतिकडे बघितलं, आणि उचलून माझ्या डोक्यावर ठेवला.

"धरा, बाई."

"कुठपर्यंत?"

"ती सांगेल तिथपर्यंत."

माझी चार वाक्यं तोंडातच राहिली. सिस्टर चढ चढून गेल्याही. मी उलट्या दिशेला, मंगळीच्या पुढे, मान ताठ धरून. पाणी गळ्यावरून इस्त्रीत उतरत होतं. वळून बघायचं होतं, पण हंडा भरलेला, मान वळेना.

"मंगळी, गेल्या का गं?"

"नाय. वळणावर थांबलीय. इकडंच बघतेय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्याकडे बघताहेत?"

"नाय बाई. हंड्याकडं." मंगळीने परत मागे वळून बघितलं. "आता गेली. हलू चला, सांडतंय."